रोझान्नाला कुणी विचारलं होतं?

वेरिबी, मेलबर्न
२१ मार्च २०२०

प्रिय पद्मा,

तुझा फोन बंद लागतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. विनिताने कळवलं की तुला ॲम्ब्युलन्सने बोलोन्याच्या हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावलाय आणि तिथे कुणालाच भेटू देत नाहीत. तुझी भाची एरवी केवढी बोलकी, पण माझ्याशी मोजकंच बोलली. "मावशी, तुम्ही नीट पोचलात ना?" त्या 'नीट'वर जरा जोर होता, की मलाच तसं ऐकू आलं, कोण जाणे.

मी नीट पोचले. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाने इटलीहून येणाऱ्यांना दार बंद केलं. तनया ज्याला त्याला हे सांगते, लॉटरी लागल्यासारखं. मी इटलीहून आलेली, तिचे दिवस भरत आलेले, म्हणून मला गॅरेजमध्ये ठेवलंय. कुशलने गाडी बाहेर रस्त्यावर काढून इथे पलंग टाकला, वर एक टेबललॅम्प. तो दाराबाहेर ताट ठेवतो, टकटक करून मागे सरकतो आणि म्हणतो, "आई, नो वरीज, आरामात." जावई गुणी आहे. मी आतून 'हो' म्हणते आणि घास घेताना मला तू दिसतेस.

इथे पडल्या पडल्या मी आपले दिवस आठवते. बोलोन्याजवळच्या त्या गावात पहिल्या सकाळी भिंतीवर माणसांचे फोटो लावलेले पाहून मी म्हटलं, "इथे निवडणूक दिसते." तू थांबून वाचलंस आणि म्हणालीस, "शुभे, ही सगळी गेलेली माणसं आहेत." गावात कुणी गेलं की नाव-फोटो छापून भिंतीवर लावायची त्यांची रीत. मग आपण रोज फिरायला निघालो की आधी ती भिंत बघायचो, नवीन कुणी आहे का. किती सहज बघायचो!

आणि आपण जिच्या घरी उतरलो त्या रोझान्नाला तू मांस का खात नाहीस ते समजावताना झालेली गंमत? तिला वाटलं डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय. मग विचारलं, कुठल्या संताला नवस बोललीस का? तू चाळीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई, सरळ 'हो' म्हणून मोकळी झालीस. त्यानंतर तिनं तुझ्या ताटात डुकराचा तुकडा चुकूनसुद्धा पडू दिला नाही. नवस मोडायला नको म्हणून तुझ्यासाठी वेगळं पातेलं काढलं. आपल्याकडच्या कितीक घरांत एवढं सोवळं राहिलं नाही.

नऊ तारखेचं विमान आधीपासूनच ठरलेलं होतं ना, पद्मा? तुझं मुंबईचं, माझं इकडचं. तनयाला माझी गरज होती. तुला ताप होता, पण साधाच वाटत होता. निघाले तेव्हा तू झोपली होतीस, उठवावंसं वाटलं नाही.

हे पत्र रोझान्नाच्या पत्त्यावर पाठवते. तू बरी होऊन येशील तेव्हा तिच्या टेबलावर पडलेलं असेल. तिला माझा नमस्कार सांग.

तुझी,
शुभदा


वेरिबी
१० मे २०२०

प्रिय पद्मा,

तू हॉस्पिटलमधून सुटलीस हे विनिताकडून कळलं. देवापुढे साखर ठेवली. लगेच तुला व्हॉट्सअपवर लिहिलं, तर एकच खूण. दुसऱ्या दिवशी तुझा फोटोही दिसेना. मी तनयाला म्हटलं, "बघ गं, हिचा फोन बिघडलाय वाटतं." तिनं फोन हातात घेतला, जरा वेळ बघितलं आणि खाली ठेवला.

"आई, तिनं तुला ब्लॉक केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

बरोबर आहे तुझं. पण कागद ब्लॉक करता येत नाही, निदान फाडेपर्यंत तरी. म्हणून लिहिते.

मला नात झाली. नुपूर. नाक कुशलचं, आवाज माझा. आणि ऐक, जिच्यासाठी मी तुला टाकून आले, तिच्या जन्माच्या वेळी मी घरातच होते. हॉस्पिटलात एकाच माणसाला सोडत होते, तो मान नवऱ्याचा. मी इथे भांडी घासत बसले. कुशलने व्हिडिओवर बाळ दाखवलं. मी खूप रडले आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

आनंद झाला नाही असं नाही. तोच तर त्रास आहे. तिला अंगाखांद्यावर घेतलं की मी सगळं विसरते, तुलासुद्धा. मग एकदम आठवतं.

मागच्या कुंपणापलीकडे एक इटालियन म्हातारी राहते. कोनचेत्ता. ऐंशीच्या पुढची, काळ्या स्वेटरमधली. लग्न होऊन जहाजाने आली, तेव्हापासून नवऱ्याबरोबर वेरिबी साउथच्या शेतांत कोबी आणि ब्रोकोली काढली. आता शेती मुलगा बघतो. कुंपणाची एक फळी तुटलेली आहे, तेच आमचं बोलायचं ठिकाण. पहिल्या दिवशी मी नुपूरचे लंगोट वाळत घालत होते, न्हाऊन आले होते, केस ओले. ती पलीकडून ओरडली, "नो, नो, डार्लिंग! वेट हेअर, यू डाय!" मला हसू फुटलं. ओल्या केसांनी बाहेर गेलं की माणूस मरतं, हे आपण रोझान्नाकडे ऐकलेलंच. माझी आईही हेच म्हणायची.

मी तिला म्हटलं, "बोनजोर्नो." तिनं अशी मान वळवली जशी परदेशात कुणी 'काय गं, जेवलीस का' म्हटल्यावर आपण वळवू. मी कुठे शिकले, हे विचारलं. बोलोन्याजवळ, मी सांगितलं. तिनं ओठ मुरडले. ती दक्षिणेतली, कलाब्रियाची. उत्तरेकडची माणसं लोणी खातात आणि हिशेबी असतात, असं तिचं मत. मी तिला रोझान्नाबद्दल सांगणार होते, पण सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

तू त्याच घरात राहते आहेस म्हणे, विमानं सुरू होईपर्यंत. चांगलं झालं. रोझान्नाच्या हातचं खाऊन लवकर अंग धरशील. विनिताला विचारलं की रोझान्ना कशी आहे, तर ती म्हणाली, "मावशी, मी नंतर बोलते." नुकतीच नोकरी बदललीय तिनं, घाईत असेल.

तुझी,
शुभदा


वेरिबी
२६ जुलै २०२०

पद्मा,

विनिताने काल सांगितलं.

मी तिला दर दोन-तीन दिवसांनी फोन करून रोझान्ना, रोझान्ना करत होते, आणि ती पोर टाळत होती. शेवटी तीच म्हणाली, "मावशी, त्या एप्रिलमध्येच गेल्या. आत्याला हॉस्पिटलात नेलं, त्यानंतर चार-सहा दिवसांत त्यांना ताप आला. आत्या घरी परतली तेव्हा घर रिकामं होतं. किल्ली शेजाऱ्यांकडे होती."

मी फोन धरून उभी राहिले. तनया विचारत होती, "आई, काय झालं? बस आधी." मला तिला कोण गेलं हेही सांगता येईना. कोण म्हणून सांगणार? जिच्याकडे आम्ही खोली भाड्याने घेतली होती ती बाई?

विनिता म्हणाली की अंत्यविधीला कुणालाच जाऊ दिलं नाही. मुलगा, दाविदे, तोरीनोत अडकलेला. त्यानेच तुला फोन करून सांगितलं, "आईच्या घरात राहा, जाऊ नका कुठे." म्हणजे मी 'तिच्या हातचं खाऊन अंग धर' असं लिहिलं, ते पत्र तू तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात उघडलंस. पद्मा, तू ते वाचलं नसशील तर बरं. फाडून टाकलं असशील तर फार बरं.

तू आता पुण्यात आहेस, म्हणून हे विनिताच्या पत्त्यावर.

आता मी खरं लिहिते. मार्चमध्ये लिहिलं ते अर्धवट होतं. ताप साधा नव्हता. तुला धाप लागत होती, जिना चढताना तू दोनदा बसलीस. शेवटच्या दोन दिवसांत मी आपल्या खोलीतून उशी उचलून खालच्या सोफ्यावर झोपायला गेले. तुला सांगितलं, तुला मोकळं झोपता यावं म्हणून. रोझान्ना सूप घेऊन वर जायची, तुझं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने भरवायची. ते काम माझं होतं. शाळेपासूनची मैत्रीण मी. ती तर आपल्याला तीन आठवड्यांपूर्वी भेटलेली.

तनया म्हणते, "तू थांबली असतीस तर तूही गेली असतीस. मग काय झालं असतं?" कुशल म्हणतो, "आई, यू कुडंट हॅव नोन." दोघंही माझ्या बाजूने बोलतात आणि मला आणखी एकटं वाटतं.

इथे आता पुन्हा सगळं बंद आहे. मास्क सक्तीचा, घरापासून लांब जायचं नाही, बागेतल्या झोपाळ्यांना पट्ट्या गुंडाळून टाकल्यात. नुपूरला घराबाहेरचा माणूस मास्कशिवाय माहीतच नाही. कोनचेत्ता कुंपणावरून काहीतरी देते, बडीशेपेचा कांदा, लिंबं, एकदा उकडलेले आर्टिचोक. काल मी गेले तर म्हणाली, "फेस नो गुड टुडे." मी सांगितलं, इटलीतली माझी एक मैत्रीण गेली. मैत्रीण म्हणाले मी. तिनं छातीवर क्रॉसची खूण केली आणि विचारलं, "व्हॉट नेम?" मी सांगितलं. कोनचेत्ता ते नाव पुटपुटत आत गेली आणि तिनं तिच्या गॅरेजमधल्या स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली. यांच्या घरात दोन स्वयंपाकघरं असतात, पद्मा. आतलं चकचकीत, पाहुण्यांसाठी. गॅरेजमधलं खरं, तेलाचं, धुराचं, रोजचं. मेणबत्ती तिनं खऱ्यात लावली.

मी क्षमा मागत नाही. मागायची ती मी तिच्याकडे मागायला हवी आणि ती नाही.

शुभदा


वेरिबी
४ ऑक्टोबर २०२०

प्रिय पद्मा,

परवा तू आपणहून फोन केलास, इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. किती खोल गेलाय गं आवाज. बोलताना मध्येच श्वास घेतेस.

तू काय म्हणालीस ते आधी लिहून काढते, म्हणजे उत्तर देताना चुकणार नाही. मी "पद्मा, माझं चुकलं" म्हणायला सुरुवात केली, तर तू म्हणालीस, "शुभे, ते राहू दे. तीन पत्रांत वाचलंय मी ते. मला दुसरं हवंय."

"काय हवंय?"

"मला ती आठवत नाही. तापानंतर तिकडचं सगळं पुसट झालंय. तिच्या घरात तीन महिने राहिले मी, तिच्या कपात चहा प्यायले, तिचे ॲप्रन धुऊन इस्त्री करून ठेवले. पण ती स्वतः आठवत नाही. फोटोत चेहरा आहे, आवाज नाही. तू जागी होतीस. तू सांग."

आणि मग तू ते विचारलंस. "तिला कुणी विचारलं होतं का गं? की मी आपली तिच्या गळ्यात पडले? तिला माहीत तरी होतं का आपण काय अंगावर घेतोय?"

मी म्हटलं, मी लिहून पाठवते. तुला वाटलं असेल, पुन्हा पळाली. मी पळाले नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, पण परवा ते अर्धंच होतं. उरलेलं आज मिळालं.

आधी तिचा आवाज. जाडा होता, पुरुषी म्हणावा असा, आणि स्वयंपाकघरातून बोलली तरी वर ऐकू यायचा. ती कधी हळू बोललीच नाही. फोनवर दाविदेशी बोलताना हात नाचवायची, जणू तो समोर बसलाय. सकाळी उठली की आधी सगळ्या खिडक्या उघडायची, मग रजया, उशा खिडकीत वाऱ्याला घालायची. कॉफी उभ्यानेच प्यायची. तू एकदा जेवणानंतर दुधाची कॉफी मागितलीस तर तिला अपचनाची काळजी वाटली, दूध म्हणजे सकाळचं. तुला तिनं काळी कॉफी दिली, आणि तू तोंड वाकडं केलंस तेव्हा हळूच साखर पुढे सरकवली.

तिचं लाटणं तुझ्या हाताएवढं लांब होतं. रविवारी ती पीठ मळायची, फक्त अंडी आणि मैदा, पाण्याचा थेंब नाही. तू म्हणालीस, "पोळीच आहे की." तिनं तुझ्या हाती लाटणं दिलं. तुला गोल करायची सवय, आणि तिला एवढी पातळ हवी की पलीकडचं दिसावं. तू लाटलीस. तिनं ती उचलून खिडकीसमोर धरली, उजेडात बघितली, आणि म्हणाली, "ब्रावा." मग तिच्यात रिकोत्ता, त्यांचं मऊ पनीर, भरून तिनं तुझे नवसाचे तोर्तेल्लोनी केले. तू दोनदा घेतलेस. तिनं तिसऱ्यांदा वाढले, तू नको म्हणालीस, ती रागावली. पाव ताटाशेजारी उलटा पडला होता, तो सुलटा केला, कारण उलटा पाव म्हणजे अपशकुन.

संध्याकाळी ती लिपस्टिक लावायची आणि आपल्याला घेऊन चौकात चक्कर मारायला जायची. कुठेही पोचायचं नसायचं. सगळं गाव तसंच चालत असायचं, एकमेकांना भेटत, थांबत. तुझ्या साडीचा तिला फार अभिमान. ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून तुझा पदर बोटांनी धरून दाखवायची, तिनंच विणल्यासारखा. हे तुला आठवायला हवं, पद्मा. तिला तुझा अभिमान होता.

आता नऊ तारखेची सकाळ. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तनयालासुद्धा. यातलं एक वाक्य माझ्या बाजूचं आहे, म्हणून आजवर लिहिलं नाही. गेलेल्या बाईला माझी साक्षीदार करावं, हे मला बरं वाटत नव्हतं. पण तू विचारलंस ते तुझ्यासाठी विचारलंस, म्हणून सांगते.

टॅक्सी यायची होती. मी बॅग घेऊन जिन्याखाली उभी. रोझान्ना स्वयंपाकघरात तुझ्यासाठी तांदूळ शिजवत होती. नाकातोंडावर रुमाल बांधलेला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, हॉस्पिटलं दाखवत होते. तिनं त्या सगळ्या ऐकल्या होत्या, पद्मा, माझ्यापेक्षा जास्त, कारण तिला भाषा कळत होती. मी माझ्या मोडक्या इटालियनमध्ये म्हटलं, पद्माला ताप आहे, माझी मुलगी, बाळ. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "वाय, वाय." जा, जा.

हे माझ्या बाजूचं वाक्य. आणि मी एकदाही 'नको, मी थांबते' म्हटलं नाही. म्हणायला तोंडसुद्धा उघडलं नाही.

पण मी एक विचारलं. मला तो एक शब्द येत होता. "पाऊरा?" भीती? तुला भीती नाही वाटत?

तिनं माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. सूर मात्र कानात राहिला, एखाद्या गाण्याच्या ओळीसारखा, अर्थ नसलेला. मी समजून घेतलं की ती नाही म्हणाली. ते समजणं मला सोयीचं होतं. तिला भीती नाही, ती इथलीच, तिला सवय आहे. त्या समजुतीवर मी विमानात बसले.

तुझ्या फोननंतर मी तो सूर पुन्हा पुन्हा तोंडात घोळवत राहिले. आज कुंपणाशी गेले आणि कोनचेत्ताला म्हणून दाखवलं: "ए की नॉन चे ला." तिनं मास्क खाली ओढला, म्हणाली, पुन्हा म्हण. मी म्हटलं. "हू से दिस?" मी सांगितलं, रोझान्ना. मी तिला विचारलं होतं, भीती वाटते का.

कोनचेत्ताने ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं. मग तिच्या इंग्रजीत म्हणाली, "शी से, अँड हू डोन्ट हॅव इट?"

आणि कुणाला नसते?

तिला माहीत होतं, पद्मा. तिला भीती वाटत होती, तुझ्या-माझ्याएवढीच, आणि तिनं ते मला सांगितलंसुद्धा. तिला कुणी विचारलं नव्हतं हे खरं. पण तू तिच्या गळ्यात पडली नाहीस. तिनं बातम्या ऐकल्या, रुमाल बांधला आणि ठरवलं. त्यात तुझा दोष नाही. माझा जो आहे तो माझ्याकडे राहू दे, तो तू वाटून घेऊ नकोस.

टॅक्सी आली. मी बॅग डिकीत ठेवली. वर तुझ्या खोलीची खिडकी तिनं नेहमीप्रमाणे उघडून ठेवली होती. जिन्यावर तिच्या सपाता वाजल्या, हातात ताट असावं, कारण चमचा वाजत होता. दार ढकललं गेलं. मी गाडीच्या दाराला हात लावून उभी होते. तो जाडा आवाज वरून रस्त्यावर ऐकू आला. त्या घरात पहिल्यांदाच तो हळू झाला होता:

"पादमा. सोनो इओ."

पद्मा, मी आहे.

शुभदा